सही करण्याआधी पानं मोजा

(पायथ्याच्या गावात झालेल्या वनहक्क शिबिरात पुनर्वसित गावातल्या बायांनी मिळून केलेलं हे बोलणं आहे. घरात त्या कोरकू बोलतात. गवळी, गोंड, बलाई सगळ्यांना कळावं म्हणून शिबिरात मराठीत बोलल्या. लिहून घेताना फारसं बदललेलं नाही. गावसभेत मोठ्यानं वाचून दाखवावं.)



आम्हाला शिबिरात विषय दिला, "बदामाच्या पाल्याचा माणसाला आणि ढोरांना उपयोग." ऐकून आम्ही आधी हसलो. कारण वर मेळघाटात आमच्या जुन्या गावात बदामाचं एकही झाड नव्हतं. साग होता, ऐन होता, मोहा, तेंदू, पळस, धावडा होता. आमच्या सिपना नदीचं नावच सागावरून पडलं आहे, कोरकूत सिपना म्हणजे साग. बदाम आम्हाला भेटला तो खाली अकोटच्या सपाटीवर आल्यावर. म्हणून बदामाचं सांगायचं तर आम्ही खाली कसे आलो तेही सांगावं लागतं.

पॅकेज झालं तेव्हा सगळं मोजलं गेलं. घरं मोजली, वावरं मोजली, 18 वर्षांवरचे पोरं-पोरी मोजले, कारण कुटुंबामागं दहा लाख होते. विहीर मोजली, आंब्याची झाडं मोजली. पान कोणी मोजलं नाही. आम्हीही नाही. पान कुठं मोजायची गोष्ट आहे, असंच आम्हाला वाटलं. ते झाडाला असतं, हात वर केला की हातात येतं.

पहिल्या उन्हाळ्यात कळलं. चारही बाजूंनी दुसऱ्यांची वावरं. पराटी उपटलेली, तुरी सोंगलेल्या, धुरे जाळलेले. बकरी सोडायची कुठं? धुऱ्यावर गेली की भांडण, रस्त्यावर गेली की ट्रक. आमच्यातल्या एका घरी 14 बकऱ्या होत्या, दुसऱ्या पावसाळ्याला 5 उरल्या. काही विकल्या, तीन नाल्याकाठची बेशरम खाऊन गेल्या. वर बेशरम नव्हती असं नाही, पण वर बकरीला दुसरं खायला होतं. बेशरमीची बकरीला चटक लागते. मंग ती दुसरं खात नाही, मान हलवते, मागच्या पायात लटपटते, वाळत जाते. बाहेरून आलेल्या बाईला हे कोण सांगणार? आम्हाला समजलं तेव्हा तिसरी बकरी आडवी झाली होती.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या शाळेत बदामाची दोन मोठी झाडं दिसली. वैशाखाच्या उन्हात सगळं करपलेलं आणि ही झाडं हिरवीगार, छत्रीवर छत्री ठेवल्यासारख्या फांद्या. खाली पडलेलं पान रोज झाडून पेटवून देत होते. आमची एक बकरी आवारात शिरली आणि पडलेली पानं खाऊ लागली. तिला हाकलायला गेलो आणि उभं राहून पाहत राहिलो. मंग शाळेतल्या गुरुजींना विचारलं, "गुरुजी, हे पान आम्ही झाडून नेलं तर चालन का?" ते म्हणाले, "न्या बापा, माझं तर कामच कमी होईल." तिथून बदाम आमच्या घरात आला.

हा बदाम कोणता

आधी एक घोळ मिटवू. दुकानातला महाग बदाम, जो काश्मीरकडून, अमेरिकेतून येतो, त्याचं झाड हे नाही. ते थंड मुलखातलं झाड आहे, आपल्याकडे दिसत नाही. त्यातल्या कडू जातीच्या बीत आणि पाल्यात विष तयार होतं. पाण्याविना खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत होतं तसलंच ते विष. किराळ खाऊन ढोर कसं फुगून मरतं हे इथं सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कोणी पुस्तकात "बदामाचा पाला" वाचून आलं, तर आधी विचारा, कोणता बदाम?

आपल्याकडे शाळेत, दवाखान्यात, कॉलनीत लावतात तो देशी बदाम. तो मूळचा समुद्रकाठचा. त्याचं फळ पाण्यावर तरंगत दुसऱ्या काठाला लागतं आणि तिथं उगवतं. पान वीतभर लांब, टोकाकडे रुंद. हिवाळा सरता सरता पान लाल होतं आणि गळतं, लगेच नवं फुटतं. फळाच्या आत बारीक गर असतो, पोरं दगडानं फोडून खातात.

आता महत्त्वाचं. पान उलटं करा आणि देठाजवळ बोट फिरवा. दोन बारीक गाठी लागतात. आमच्यातल्या म्हाताऱ्या सासूबाईंना हे पान आम्ही दाखवलं. डोळ्यांना कमी दिसत होतं, त्यांनी बोटानं चाचपलं आणि म्हणाल्या, "हे तं ऐनाच्या घरचं हाय." तालुक्याला एका शिकलेल्या पोरानं पुस्तकात पाहिलं, तर म्हातारीचं खरं निघालं. ऐन, अर्जुन, बेहडा, हिरडा आणि हा बदाम, पाचही एका घरचे भाऊ. धावडा त्यांचा चुलतभाऊ. पुस्तकाला जे नाव लिहायला दोन ओळी लागतात ते म्हातारीनं बोटानं सांगितलं.

ढोरांसाठी

बदामाचा पाला बकरी खाते, गायही थोडा खाते. पण तो तुरट आहे. हिरडा चावला की तोंड जसं आवळतं, तसाच तुरटपणा ह्याच्यात आहे. तुरट पाला फार झाला तर जनावराचं पोट बांधतं, दाणा-चाऱ्याचा गुण अंगी लागत नाही. आम्ही जे करून पाहिलं ते असं:

झाडावरचा ताजा पाला सरळ टाकत नाही. सकाळी तोडला तर दुपारपर्यंत सावलीत सुकवतो, हातानं फाडतो, आणि तुरीच्या नाही तर सोयाबीनच्या कुटारात मिसळतो. तीन भाग कुटार, एक भाग पाला. पहिले चार दिवस मूठभरच. लेंडी पाहायची, कडक झाली तर पाला बंद. दूध पिणाऱ्या पिलाला आणि व्यायला आलेल्या बकरीला देत नाही. पावसात भिजून बुरशी आलेलं पान उकिरड्यावर टाकतो.

तुरट पाल्यानं पोटातले जंत कमी होतात असं म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं. असेलही. पण जंताचं औषध आम्ही गुरांच्या दवाखान्यातूनच आणतो, पाल्याच्या भरवशावर राहत नाही.

खरं सांगायचं तर बदाम हा अडचणीतला चारा आहे. दोन झाडांवर गाव जगत नाही. ह्याच घरच्या बेहड्याचा पाला दुभत्या गाईला चांगला, ऐनाची फांदी उन्हाळ्यात ढोरांचं पोट भरते, धावड्याचा पाला बकरी उड्या मारून खाते. आणि वऱ्हाडातल्या जुन्या लोकांना विचारा, अंजनाच्या पाल्यावर किती बैल उन्हाळे काढत होते. ही झाडं वर होती. तिथं ढोराला काय खाऊ घालायचं हे ठरवावं लागत नव्हतं, ढोरच ठरवत होतं. आज इथं सकाळी एक तोंडात घ्यायचं, दुपारी दुसरं, हे त्याच्या हाती नाही. आपण टाकू तेच ते खातं.

माणसासाठी

पहिल्या वर्षी गावात एक लग्न झालं. वर असतो तर चार दिवस आधी पळसाची आणि माहूलवेलीची पानं आणून बाया पत्रावळी टाचायला बसल्या असत्या. गाणी झाली असती, नवरीच्या आईला चार गोष्टी सांगून झाल्या असत्या. इथं थर्माकोलच्या प्लेटा बाजारातून आणल्या. जेवणं झाल्यावर प्लेटा नाल्यात गेल्या, त्यातल्या उष्ट्यासाठी गाईनं थर्माकोल चावला. पुढच्या लग्नाला आम्ही बदामाचं पान वापरलं. चार पानं एकात एक घालून निंबाच्या काडीनं टाचली की बऱ्यापैकी पत्रावळ होते, द्रोणही होतो. पान जून आणि हिरवं घ्यायचं, लाल झालेलं तडकतं. उष्टी पत्रावळ उकिरड्यावर टाकली तरी गाईच्या पोटाला धोका नाही.

पानगेही करून पाहिले. पळसाच्या पानात पानगा भाजला की जो वास येतो तो बदामात नाही. पण पानगा चिकटत नाही, भागतं.

कोवळ्या पाल्याचा रस खरजेवर लावतात असं आम्ही ऐकलं. आमच्यातल्या दोघींनी लावला. एकीला आराम पडला, एकीला नाही पडला, तिला दवाखान्यातून मलम आणावं लागलं. पोटात मात्र कोणी घेतला नाही आणि लेकरांना तर देऊच नका. झाडाचं आहे म्हणून निर्धोक, असं नसतं. कण्हेरही झाडच आहे.

लोखंडी कढईत बदामाचं पान उकळलं की पाणी काळंभोर होतं. हिरड्याचंही असंच होतं, तुरटपणा आणि लोखंड मिळून तो रंग येतो. पोरांनी त्यानं काडीनं लिहूनही पाहिलं.

वाळलेलं पान वावरात लवकर कुजत नाही. शेणात, गोमूत्रात मिसळून खड्ड्यात दाबलं आणि पावसाळा जाऊ दिला तर खत होतं. नुसतं भाजीच्या आळ्यात पसरलं तर ओल टिकते.

आणखी एक ऐकून तुम्हाला नवल वाटेल. काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळणारे लोक हेच वाळलेलं पान पाण्यात टाकतात. पाणी चहासारखं होतं आणि माशांना मानवतं. थायलंडमध्ये लढाऊ मासे पाळणारे जुन्या काळापासून हे करतात. आज शहरातल्या दुकानात हे पान पैसे घेऊन विकतात. जे पान इथं झाडून जाळतात त्याला तिथं भाव आहे. आमच्याकडे अजून कोणी घ्यायला आलेलं नाही, म्हणून त्याची स्वप्नं आम्ही पाहत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवलं की पानाला किंमत नाही असं जो म्हणतो, त्यानं बाजार पाहिलेला नसतो. तेंदूचं पान पाहा ना. 70 पानांचा एक पुडा, असे 1000 पुडे म्हणजे एक गोणी, आणि त्या गोणीवर लिलाव होतात. पान ठेकेदाराच्या हातात गेलं की सोनं, बाईच्या डोक्यावर असलं की चोरी, असं कसं चालेल?

म्हातारीची यादी

आता ज्यासाठी आम्ही एवढं बोललो ते सांगतो.

मागच्या वर्षी वनहक्काची माहिती घ्यायला आम्ही एका बैठकीला गेलो. तिथं सांगितलं की 2006 च्या कायद्यात गौण वनोपजाची मालकी आपली आहे. कलम 3 मध्ये लिहिलं आहे, गावाच्या सीमेच्या आत असो की बाहेर, जे परंपरेनं गोळा करत आलो ते गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क. चराईचा हक्क वेगळा लिहिला आहे. निस्तार वेगळा लिहिला आहे. तेंदूपान, वनौषधी, कंदमुळं, टसरचे कोशसुद्धा नाव घेऊन लिहिले आहेत. ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर टसरचा किडा वाढतो, भंडारा-गडचिरोलीकडे त्यावर लोकांची पोटं आहेत.

आणि नियम 13 मध्ये पुरावा काय धरायचा ते लिहिलं आहे. चराईच्या जागा. चारा, कंदमुळं, रानफळं गोळा करायच्या जागा. औषधी वनस्पती आणायच्या जागा. देवाची झाडं, मसणवट. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं सांगणं, लिहून काढलेलं. म्हणजे कागद नाही म्हणून रडायची गरज नाही. म्हातारीला माहीत आहे तेच कागदावर घ्यायचं आहे.

आम्ही धावत घरी आलो आणि सासूबाईंसमोर वही घेऊन बसलो. म्हटलं, "सांगा, वर आपण कोणती कोणती पानं आणत होतो, कुठून आणत होतो."

त्यांनी सुरुवात केली. पत्रावळीला पळस, माहूल. कवेलूखाली सागाचं पान. पावसाच्या इरल्याला पळस. भाजीला तरोटा, फांजी. बिडीला तेंदू. ढोराला बेहडा, धावडा, अंजन, बांबूचा पाला. बाळंतिणीला एक, तापाला एक, बैलाच्या खांद्याला एक, कोंबडीच्या रोगाला एक. असं करत करत 26 झाले आणि त्या थांबल्या. म्हणाल्या, "लय हायेत. पान दाखवा, मंग नाव सांगीन."

पान कुठून दाखवायचं? खिडकीतून पराटी दिसत होती.

आम्ही दोन-तीनदा प्रयत्न केला. वरच्या नात्यातल्या माणसांकडून पिशवीभर पाला मागवला. त्यातून आणखी सात नावं मिळाली. काही पानं प्रवासात अशी चुरगळली की ओळखता येईनात. मंग पावसाळा लागला आणि त्याच पावसाळ्यात म्हातारी गेली. आमच्या वहीत 33 पानं आहेत. आमच्या गावाचा दावा अजून व्हायचा आहे, त्यात ही 33 लिहू. चौतिसावं कोणतं होतं ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून तुम्ही वरचे लोक आज इथं बसला आहात, तुमच्यापुढं आम्ही हात जोडतो. कोणी म्हणेल खाली सुख आहे, कोणी म्हणेल वरच राहा. ते तुमची गावसभा ठरवेल. खाली दवाखाना जवळ आहे, रस्ता आहे, पोरीला शाळा जवळ पडते, हेही खरं आहे, आम्ही खोटं बोलणार नाही. पण कायदा काय म्हणतो ते ध्यानात ठेवा. कलम 4 म्हणतं, आधी हक्क मान्य झाले पाहिजेत. मंग गावसभेची लेखी संमती, समजून-उमजून आणि दबावाशिवाय दिलेली. आणि नव्या जागी जमीन आणि सोयी पुऱ्या झाल्याशिवाय कोणाला हलवायचं नाही. वाघ प्रकल्पासाठी वन्यजीव कायद्यातही 2006 मध्ये तसंच घातलं आहे. आमच्या वेळी हा क्रम आम्हाला कोणी सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही. पैसा आधी दिसला, हक्क मागून ऐकले.

आणि हक्क मिळाल्यावर काय होतं ते पाहायला लांब जायची गरज नाही. अचलपूर तालुक्यात पायविहीर आहे. 2012 मध्ये त्या गावाला सुमारे 190 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. डोंगर उघडाबोडका होता. गावानं नियम केले, राखण केली, झाडं लावली. सीताफळं गावानंच मेळघाटच्या नावानं बाजारात विकली. 2014 मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार त्या गावाला मिळाला. गडचिरोलीत मेंढा गावाला तर 2009 लाच हक्क मिळाला होता. ती माणसं आपल्यासारखीच आहेत.

गावसभेत करायच्या गोष्टी

1. प्रत्येक पाड्यात म्हाताऱ्या बाया-माणसांना घेऊन एक दिवस जंगलात जा. घरात बसून यादी करू नका, पान समोर असलं की नाव आठवतं.

2. प्रत्येक पानासमोर चार गोष्टी लिहा: आपल्या बोलीतलं नाव, कोणत्या जागेतून आणतो, कोणत्या महिन्यात, कशासाठी. जागेचं नाव आपल्या बोलीतलंच लिहा, नाला, माळ, देवस्थान, जे असेल ते.

3. पान जुन्या वर्तमानपत्रात दाबून सुकवा आणि वहीत चिकटवा. नाव चुकलं तरी पान राहील.

4. ढोरं कोणत्या वाटेनं जातात, कुठं पाणी पितात, ते नकाशात काढा. हे काम थाट्याला आणि गुराखी पोरांना सांगा, त्यांना जास्त माहीत असतं.

5. सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा अंगठा किंवा सही घ्या, तारीख टाका, गावसभेच्या ठरावात नोंद करा. वनहक्क समितीत एक तृतीयांश तरी बाया असाव्यात असा नियम आहे. पानाचं काम बायांचं आहे, तर कागदाचंही असू द्या.

6. ही यादी सामूहिक दाव्याला जोडा. एक प्रत गावात ठेवा, एक संघटनेकडे द्या. पोच घेतल्याशिवाय कोणत्याही टेबलावर कागद सोडू नका.

7. हक्क मिळाल्यावर पान ओरबाडू नका. फांदी तोडताना शेंडा राखा, कोवळं झाड सोडा. आपणच झाड बोडकं केलं तर हक्काचा कागद घेऊन बकरीपुढं टाकायचा का?

8. खाली आलेल्या गावांनी अंगणात, शाळेत, गावठाणात बेहडा, अंजन, पळस, ऐन लावावा. बदाम असेल तर तोडू नका, पण नुसत्या बदामावर भागवू नका. बेशरम आणि कण्हेर बकरीच्या वाटेवरून काढून टाका.

आमच्या अंगणात आता बेहड्याची चार रोपं आहेत. बी वरच्या गावातून मागवलं होतं. टोंगळ्याएवढी झाली आहेत. बकरी पोहोचू नये म्हणून बाभळीचं कुंपण केलं आहे. झाड मोठं व्हायला दहा वर्षं लागतील, तोवर शाळेतला बदाम आहे आणि कुटार आहे.

पुढच्या शिबिराला येताना प्रत्येक गावानं आपली वही आणावी. आमची 33 पानांची वही आम्ही आणू. तुमच्या वहीत एखादं पान असं निघालं की जे पाहून आम्ही म्हणू, "हेच तं होतं म्हातारीचं," तर ते आम्ही आमच्या वहीत उतरवून घेऊ.

जोहार.